निकाल लागल्यानंतरची लढाई: मॅसॅच्युसेट्समधली राज्यव्यापी एलजीबीटीक्यू संघटना आणि तिचं काम

पारिजातक (वुस्टर, मॅसॅच्युसेट्स)

समलिंगी विवाहाचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं कोर्टापाशी सुरू होतं आणि कोर्टापाशीच संपतं. २०१८ ला कलम ३७७ मधला समलिंगी संबंधांचा गुन्हा गेला, २०२३ ला विवाहाचा हक्क नाकारला गेला, आता पुढची याचिका कधी, एवढंच. मी राहते त्या राज्यात कोर्टाचा निकाल बाजूने लागला होता आणि खरी कसोटी त्यानंतर सुरू झाली. ती मासइक्वालिटी या राज्यव्यापी आघाडीने कशी निभावली हे मराठीत कुठे वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

कोर्टाचं आधी सांगते. बॉस्टनच्या ग्लॅड या कायदेविषयक संस्थेच्या वकील मेरी बोनॉटो यांनी एप्रिल २००१ मध्ये सात जोडप्यांच्या वतीने दावा लावला. दाव्याला नाव पडलं गुडरिज. ज्युली गुडरिजच्या बाळंतपणानंतर तिला आणि बाळाला भेटायला हिलरीला, म्हणजे त्या बाळाच्या दुसऱ्या आईला, इस्पितळात अडचणी आल्या होत्या. कागदोपत्री ती कोणीच नव्हती. १८ नोव्हेंबर २००३ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी निकाल दिला की समलिंगी जोडप्यांना विवाहापासून दूर ठेवणं राज्यघटनेत बसत नाही. निकाल लिहिणाऱ्या सरन्यायाधीश मार्गारेट मार्शल मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या, विद्यार्थीदशेत वर्णभेदाविरुद्ध उभ्या राहिलेल्या. कोर्टाने १८० दिवसांची मुदत दिली आणि १७ मे २००४ ला विवाह सुरू झाले. केंब्रिजच्या नगरपालिकेने तर मध्यरात्रीच दारं उघडून परवान्याचे अर्ज घ्यायला सुरुवात केली. अमेरिकेतलं हे पहिलं राज्य.

आता निकाल फिरवायचा तर राज्यघटनाच बदलायला हवी, हे विरोधकांनी ओळखलं. इथे विधिमंडळाची दोन्ही सभागृहं मिळून २०० सदस्य. विधिमंडळाने स्वतः आणलेल्या घटनादुरुस्तीला लागोपाठच्या दोन विधिमंडळांत बहुमत लागतं आणि मग ती जनमताला जाते. पण दुरुस्ती नागरिकांच्या सह्यांनी आली असेल तर दोन्ही वेळा फक्त ५० मतं पुरतात. दोनशेपैकी पन्नास! हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं नाट्य त्याच्याभोवती फिरतं.

मार्च २००४ मध्ये पहिली दुरुस्ती १०५ विरुद्ध ९२ ने मंजूर झाली. विवाह काढून घ्यायचा आणि त्याजागी ‘सिव्हिल युनियन’, म्हणजे विवाहासारखे हक्क असलेली पण विवाह न म्हणायची नोंदणी, द्यायची, असा तो मधला मार्ग होता. दुसऱ्या फेरीपर्यंत हाताशी दीड वर्ष होतं. या काळात मासइक्वालिटी ही आघाडी कामाला लागली. ग्लॅड, १९७३ पासून विधिमंडळात पाठपुरावा करणारं समलिंगींचं राजकीय मंडळ, नागरी हक्कवाले अशा कितीतरी संघटना तिच्यात होत्या.

त्यांचं काम सांगायला सोपं आहे आणि करायला महाकठीण. प्रत्येक आमदाराची यादी. तो कुठल्या गावचा, कुठल्या चर्चला जातो, गेल्या वेळी किती मतांनी आला, बायको-मुलांचं मत काय, त्याच्या मतदारसंघात विवाह झालेली जोडपी कोण, त्यांचे आईवडील कोण. मग त्या जोडप्याला, आईला, शेजाऱ्याला, शाळेच्या बाईंना त्या आमदाराकडे घेऊन जायचं. राजधानीतल्या वकिलाने जाऊन कलमं सांगायची नाहीत, मतदारसंघातल्या माणसानेच जायचं. ‘आमचं लग्न झालं, घराचे हप्ते फेडतोय, मुलगी तिसरीत आहे, तुम्ही हे मोडणार का?’ एवढंच विचारायचं. आमदार गप्प राहिला तर पुढच्या महिन्यात परत जायचं.

दुसरं काम निवडणुकीचं. ज्या आमदाराने आपल्यासाठी मत दिलं त्याला एकटं सोडायचं नाही, पक्ष कुठलाही असो. नोव्हेंबर २००४ मध्ये एकाच दिवशी अमेरिकेतल्या ११ राज्यांत मतदारांनी समलिंगी विवाहावर बंदी घातली, सगळीकडे वारं उलटं होतं. त्याच दिवशी मॅसॅच्युसेट्समध्ये विवाहाच्या बाजूने मत देऊन पुन्हा उभा राहिलेला एकही आमदार पडला नाही. उलट त्याआधी सप्टेंबरमध्ये, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत, सॉमरव्हिल-मेडफर्ड भागात कार्ल सिओर्टिनो या विशीतल्या समलिंगी तरुणाने अनेक वर्षं बसलेल्या, विवाहाला विरोध करणाऱ्या आमदाराला शंभराहून कमी मतांनी हरवलं. विधिमंडळात जायचा तो संदेश बरोबर गेला.

सप्टेंबर २००५ मध्ये तीच दुरुस्ती दुसऱ्यांदा आली आणि १५७ विरुद्ध ३९ ने आपटली. आधी तिचे सहप्रस्तावक असलेले रिपब्लिकन नेते ब्रायन लीस यांनीच सांगितलं की विवाह सुरू होऊन वर्ष उलटलं, ज्यांना लग्न करता आलं ते सोडून कोणाच्याच आयुष्यात काही बदललं नाही.

मग विरोधकांनी सह्यांचा मार्ग धरला. १,२०,००० हून जास्त ग्राह्य सह्या. २ जानेवारी २००७ ला पहिल्या फेरीत त्यांना ६२ मतं पडली, म्हणजे पन्नासाच्या बरीच वर. नवं विधिमंडळ बसलं, दुसऱ्या फेरीची तारीख १४ जून. साडेपाच महिन्यांत तेरा मतं फिरवायची. नवे गव्हर्नर डेव्हल पॅट्रिक आणि सिनेटच्या अध्यक्ष थेरेस मरे दोघेही विवाहाच्या बाजूने होते, पण त्यांनी सांगून आमदार ऐकतात असं नाही. मतदारसंघात हललं तरच आमदार हलतो.

यातला मला सगळ्यात भिडलेला प्रसंग सिनेटर गेल कॅन्डरस यांचा. आधी त्यांचं मत दुरुस्तीच्या बाजूने होतं. जूनमध्ये बदललं. कारण विचारल्यावर त्यांनी आपल्या भागातल्या वयस्कर मतदारांच्या पत्रांचं सांगितलं. एका आजीबाईंनी आधी त्यांना दुरुस्तीच्या बाजूने मत द्या म्हणून सांगितलं होतं, नंतर कळवलं की माझं मत बदललंय, तुम्हीही बदला, उद्या माझ्या नातवंडांपैकी कोणी तसं निघालं तर?

१४ जूनला दुरुस्तीला ४५ मतं पडली. पन्नासाला पाच कमी. संपलं.

तुम्हा सगळ्यांना विचारायचं आहे ते हे: महाराष्ट्रात २८८ मतदारसंघ आहेत. असं राज्यभर, आमदारनिहाय काम आपल्याकडे होऊ शकेल का?

---

दत्ता_कोल्हापूर

ताई, मनापासून लिहिलंय हे जाणवतं, म्हणून मीही मनातलं विचारतो. सव्वा लाख लोकांनी सह्या केल्या होत्या. त्यांचं म्हणणं एवढंच होतं ना, की लोकांना मत देऊ द्या? तुमच्या संघटनेने सगळी ताकद लावली ती मतदान होऊच नये यासाठी. लोकशाहीत हे मला खटकतं. समलिंगी लोकांना त्रास व्हावा असं मला बिलकुल वाटत नाही, माझ्याच कारखान्यात एक पोरगा आहे, कामाला वाघ. पण समाजाला विचारल्याशिवाय समाजाची रीत बदलायची का?

---

पारिजातक (वुस्टर, मॅसॅच्युसेट्स)

दत्ताजी, सरळ विचारलंत, बरं वाटलं. तेव्हा इथेही विवाहाच्या बाजूच्या काही लोकांना हाच प्रश्न छळत होता.

माझं उत्तर असं. कर किती असावा, दारूचं दुकान गावात असावं का, यावर जरूर मतदान घ्या. पण झालेली लग्नं मोडायची का, हे शेजाऱ्यांच्या मतावर ठेवायचं नाही. तुमचं लग्न टिकवायचं का यावर जिल्ह्याचं मतदान लावलं तर तुम्ही निकालाची वाट बघत बसाल का? घटना आणि कोर्ट असतात ती अशाच वेळेसाठी. आणि निर्णय लोकप्रतिनिधींनीच घेतला, दोन विधिमंडळांत, राज्यघटनेने आखून दिलेल्या वाटेने. त्यांना पाडण्याची मुभा मतदारांना होतीच.

शिवाय या राज्यात मतदानही झालं, फक्त विषय वेगळा होता. ट्रान्स लोकांना, म्हणजे जन्माच्या वेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेल्यांना, दुकान, इस्पितळ, हॉटेल, बस अशा सार्वजनिक ठिकाणी भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा २०१६ मध्ये झाला. तो रद्द करावा म्हणून विरोधकांनी सह्या जमवल्या आणि ६ नोव्हेंबर २०१८ ला तो प्रश्न क्रमांक ३ म्हणून मतपत्रिकेवर आला. ट्रान्स हक्कांवर अख्ख्या राज्याने मत द्यायची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ. त्या मोहिमेत मी फोनवर बसायचे. समोरून बहुतेक एकच भीती यायची, बायकांच्या स्वच्छतागृहात पुरुष घुसतील. आम्हाला शिकवलं होतं, वाद घालायचा नाही. आधी पूर्ण ऐकायचं, ‘तुमच्या ओळखीत कोणी ट्रान्स आहे का?’ असं विचारायचं, मग सांगायचं की कायदा ऑक्टोबर २०१६ पासून लागूच आहे आणि छेडछाड आधीही गुन्हा होती, आजही आहे. एक आजोबा बराच वेळ रागाने बोलले आणि शेवटी म्हणाले, माझ्या बहिणीचा नातू आहे तसा, सध्या कुठे असतो कोण जाणे. ते कसं मत देणार हे मी विचारलंच नाही.

कायदा ठेवा म्हणणाऱ्यांना सुमारे ६८ टक्के मतं पडली. म्हणजे लोकांपुढे जायची भीती कोणाला नव्हती. लोकांपर्यंत पोहोचायला वर्षं लागतात, आणि तोवर माणसांचं आयुष्य टांगणीला लावायचं नाही, एवढंच.

---

नदीकाठ (सॉमरव्हिल)

इतकी वर्षं इथे नुसता वाचतोय, आज लिहितो.

मी मूळचा साताऱ्याचा. मी आणि माझा नवरा २०१० साली मॅसॅच्युसेट्समध्ये कायदेशीर लग्न केलं. परवाना, साक्षांकित दाखला, सगळं. राज्याच्या लेखी आम्ही नवरा-नवरा. राज्याचा कर एकत्र भरला. इस्पितळात माझं ऑपरेशन झालं तेव्हा फॉर्मवर ‘जोडीदार’ लिहिलं आणि कोणी मान वर करून बघितलं नाही. पण नवरा पुण्याचा, त्याची नोकरी गेली आणि व्हिसाही जायची वेळ आली. माझ्या व्हिसावर त्याला अवलंबित म्हणून आणता येईना, कारण विवाह म्हणजे स्त्री आणि पुरुष असं अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कायदा सांगत होता. आमच्या बरोबरीच्या प्रत्येक मराठी जोडप्यात बायको एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर आली होती. आम्ही दोघं राहिलो फोनवर.

२६ जून २०१३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं आणि मग तो एच-४ वर आला. बरोबर दोन वर्षांनी, २६ जून २०१५ ला, समलिंगी विवाह देशभर कायदेशीर झाला. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिलेल्या वकील त्याच मेरी बोनॉटो.

हे लिहिण्याचं कारण, राज्याचा हक्क राज्याच्या वेशीपर्यंतच चालतो हे मी अंगावर घेतलंय. आणि तरीही तो नसता तर केंद्राचाही आला नसता असं माझं ठाम मत आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये हजारो जोडपी नांदत होती, आकाश कोसळलं नव्हतं, हे बाकीच्या देशाला दाखवता आलं. २००७ ला पाच मतं इकडची तिकडे झाली असती तर दाखवायला काय उरलं असतं?

बाहेरच्या राज्यातल्या जोडप्यांना इथे लग्न करू न देणारा १९१३ सालचा एक जुना कायदा होता, तोही २००८ मध्ये रद्द करून घेतला. ते कामही विधिमंडळातलंच.

भारतात उतरलो की आमचा दाखला बॅगेतच राहतो. आईने मात्र देवघराशेजारच्या कपाटात त्याची एक प्रत ठेवली आहे.

---

काळा_कोट (मुंबई)

पारिजातक, उत्तम धागा. भारतातली कायद्याची बाजू लिहितो, कारण इथे एक मोठी संधी पडून आहे.

१७ ऑक्टोबर २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने सांगितलं की विवाहाचा मूलभूत हक्क नाही, कायदा करायचा तर विधिमंडळाने करावा. बहुतेकांनी इथे वर्तमानपत्र मिटलं. पण सुनावणीत केंद्राने जोडप्यांच्या रोजच्या अडचणींसाठी कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायचं कबूल केलं होतं. ती एप्रिल २०२४ मध्ये नेमली गेली आणि ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत काही पत्रं निघाली. रेशनकार्डासाठी समलिंगी जोडीदारांना एकाच कुटुंबातले धरावं. संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी नेमायला कसलीही आडकाठी नाही. जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा मृतदेह ताब्यात घ्यायचा हक्क जोडीदाराला द्यावा.

आता बघा, यातली रेशनची आणि आरोग्याची पत्रं कोणाला गेली? राज्यांना. रेशनकार्ड तहसीलच्या पुरवठा शाखेत निघतं, दिल्लीत निघत नाही. मृतदेह सरकारी इस्पितळाच्या शवागारातून मिळतो, तिथला कारकून दिल्लीचं पत्र वाचत नाही, त्याला राज्याचं परिपत्रक लागतं. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, स्थानिक स्वराज्य संस्था हे सगळे विषय राज्यसूचीत आहेत. विवाहसुद्धा समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीत आहे. त्यामुळे ‘सगळं केंद्राच्या हातात’ असं म्हणून हात झटकायला जागाच नाही.

महाराष्ट्रात कामाची परंपरा मोठी आहे. मुंबईची हमसफर ट्रस्ट १९९४ पासून, पुण्याची २००२ मध्ये सुरू झालेली समपथिक, नागपूरची सारथी, सांगलीची मुस्कान. समुपदेशन, एचआयव्ही, पोलीस ठाण्यात धावून जाणं, हे सगळं या संस्थांनी लोक नावं ठेवत असताना केलं. बिंदुमाधव खिरे यांनी या विषयावर मराठीत सातत्याने लिहिलं म्हणून लहान गावांतल्या कितीतरी पोरांना आपल्याबद्दल आपल्या भाषेत काही वाचायला मिळालं. पण या संस्था आपापल्या शहरांत रुजलेल्या आहेत. मंत्रालयात एका विषयावर वर्षभर पाठपुरावा करणारी, नागपूरच्या अधिवेशनात तळ ठोकणारी राज्यव्यापी आघाडी मला अजून दिसलेली नाही. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायदा बदलण्यासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. महाराष्ट्रातल्या किती लोकांनी आपापल्या खासदाराला विचारलं, तुम्ही याच्या बाजूने बोलणार का?

---

वैजयंती_पुणे

सगळ्यांचं वाचलं. आता माझं ऐका.

मी ट्रान्स स्त्री आहे, गावात मला तृतीयपंथी म्हणतात, माझी हरकत नाही. पारिजातकताईंनी मॅसॅच्युसेट्सचं कौतुक केलं, खरं आहे. पण तारखा एका खाली एक लिहून बघा. समलिंगींना नोकरी-घरात भेदभावापासून संरक्षण तिथे १९८९ ला मिळालं. विवाह २००४ ला. ट्रान्स माणसांना नोकरी-घराचं संरक्षण देणारा कायदा झाला नोव्हेंबर २०११ मध्ये, लागू झाला जुलै २०१२ ला, आणि त्यातूनही सार्वजनिक जागा वगळल्या. त्या मिळायला २०१६ उजाडलं. नोकरीत संरक्षण पण बस आणि दवाखान्यात नाही, म्हणजे कामावर जायचं कसं? आमच्यासाठी तिथल्या ट्रान्स लोकांची स्वतःची राजकीय आघाडी झगडत होती म्हणून ते झालं. मोठ्या बॅनरखाली पैसा आणि माणसं लग्नासाठी धावली.

आपल्याकडे उलटं वाटेल. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने आम्हाला ओळख दिली, लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्या लढ्यात होत्या. मग २०१९ चा कायदा आला. पण त्या कायद्यात आमच्यावर लैंगिक अत्याचार केला तर शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षं. बाईवर केला तर किती, ते काळा_कोट सांगतील. महाराष्ट्रात कल्याण मंडळ झालं. डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने दटावल्यावर पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात आमचा रकाना आला. म्हणजे कागद बऱ्यापैकी आहेत.

कागदापुढचं सांगते. मला ताप होता, एका सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायला गेले. दोन रांगा. बायकांच्या रांगेत उभी राहिले तर मागून कुजबुज, पुरुषांच्या रांगेत गेले तर धक्के. खिडकीतल्या माणसाने आधार कार्ड हातात घेतलं, फोटो बघितला, मला बघितलं, शेजारच्याला बोलावून दाखवलं, दोघं हसले. मग संगणकावर ‘पुरुष’ टाकलं, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे तिसरं बटण चालत नाही. डॉक्टर चांगल्या होत्या. पण त्या खिडकीवरून परत गेलेल्या माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी पुन्हा दवाखान्यात गेलेल्या नाहीत, ताप अंगावर काढतात, टीबी अंगावर काढतात.

म्हणून राज्यव्यापी संघटना काढणार असाल तर काढा, मी येते. अट एकच. पहिलं काम त्या खिडकीचं. लग्नाचं मागून.

---

एडिसनकर

वैजयंतीताई म्हणतात त्याचा शेजारच्या न्यूयॉर्कमधला दाखला आहे. तिथली एम्पायर स्टेट प्राइड एजेंडा ही १९९० पासूनची राज्यव्यापी संघटना. २०११ ला तिथे विधिमंडळाने विवाह मंजूर केला. डिसेंबर २०१५ मध्ये संघटनेने जाहीर केलं की आमची मुख्य उद्दिष्टं पूर्ण झाली, आम्ही गाशा गुंडाळतो. तेव्हा ट्रान्स लोकांना भेदभावापासून संरक्षण देणारं विधेयक अजून अडकलेलंच होतं. गव्हर्नरांच्या नियमांवर समाधान मानलं गेलं. ते विधेयक कायदा झालं जानेवारी २०१९ मध्ये. दुसऱ्यांनी लढून करून घेतलं.

आमच्या न्यू जर्सीत गार्डन स्टेट इक्वालिटी लग्न मिळाल्यावर, म्हणजे ऑक्टोबर २०१३ नंतरही, चालू राहिली. शाळांतली दादागिरी, ट्रान्स मुलं, वृद्ध समलिंगी, अशी कामं धरली. संघटना कोणासाठी आहे हे पहिल्या दिवशी ठरलं नाही तर जिंकल्याच्या दिवशी भांडण ठरलेलं.

---

खानदेशी_वारा (जळगाव)

आमच्या जिल्ह्यातलं सांगतो. भादली गावात अंजली पाटील ग्रामपंचायतीला उभ्या राहिल्या. डिसेंबर २०२० मध्ये छाननीत अर्ज बाद केला, बाईच्या जागेवर तृतीयपंथी कसा चालेल म्हणून. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, कोर्टाने अर्ज घ्यायला लावला, आणि जानेवारी २०२१ ला गावाने त्यांना निवडून दिलं.

दत्ताभाऊ, तुमच्या प्रश्नाला हे उत्तर धरा. कोर्टाने दार उघडलं, मतं गावाने दिली. खेड्यातल्या लोकांना हे समजणार नाही असं शहरातली मंडळी परस्पर ठरवून मोकळी होतात. गावात प्रत्येकाला ते माणूस लहानपणापासून माहीत असतं, हे राजकारणात फार कामाचं आहे.

---

अबोली (नाशिक)

माझा मुलगा समलिंगी आहे. घरात आम्हाला दोघांना माहीत आहे, बाहेर कोणाला नाही. तो बंगळुरूला असतो. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.

त्या आजीबाईंचं वाचून मी खूप वेळ बसून होते. आमच्या भागाचे आमदार आमच्या सोसायटीच्या गणपतीला येतात, ह्यांची चांगली ओळख आहे. पाण्यासाठी, रस्त्यासाठी आम्ही त्यांच्याकडे गेलो आहोत. यासाठी जायचं तर मी काय म्हणू? मुलाचं नाव सांगायचं नाही. त्याने आपण होऊन सांगितल्याशिवाय त्याचं काही बाहेर जाऊ नये असं मला वाटतं. नाव न सांगता आईने जाण्यात काही अर्थ आहे का?

---

पारिजातक (वुस्टर, मॅसॅच्युसेट्स)

अबोलीताई, अर्थ आहे. आणि मुलाला विचारल्याशिवाय एक पाऊलही टाकू नका, हा तुमचा विचार बरोबरच आहे. इथल्या मोहिमेतही हा नियम कडक होता, ज्याची गोष्ट त्याची परवानगी.

मुलाचा उल्लेखही न करता जाता येतं. मतदार म्हणून जा. काळा_कोट म्हणतात ती रेशनकार्डाची आणि आरोग्याची पत्रं घेऊन जा आणि विचारा, राज्याने यावर परिपत्रक काढलं का, नसेल तर तुम्ही प्रश्न विचाराल का? एका भेटीत एकच मागणी. सोबत एखादी व्यक्ती असू द्या, ओळखीतल्या डॉक्टर किंवा शिक्षिका असतील तर उत्तम. भेट झाल्यावर आभाराचं पत्र आणि काय कबूल केलं ते लेखी. मग महिन्याने फोन. ‘बघतो’ म्हणाले तर ‘कधी येऊ?’ विचारायचं. इथे बहुतेक भेटींत आमदार काहीच कबूल करायचे नाहीत. तरी भेटींच्या नोंदी ठेवल्या जायच्या: कोण भेटलं, काय विचारलं, चेहरा कशावर बदलला. फिरलेली मतं त्या नोंदींमुळे हाताला लागली.

वैजयंतीताई, तुमची अट मला मान्य आहे. इथला क्रम चुकीचा होता, त्याची किंमत ट्रान्स लोकांनी बरीच वर्षं मोजली. केसपेपरच्या खिडकीवर तिसरा पर्याय चालू करणं आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणं, याला नवा कायदा लागत नाही, आरोग्य खात्याचा आदेश पुरतो. पहिली मागणी हीच असू द्या.

---

दत्ता_कोल्हापूर

लग्नाबाबत माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही, खोटं सांगत नाही. पण वैजयंतीताईंनी लिहिलेला दवाखान्याचा प्रकार आणि मृतदेह न मिळण्याचं वाचून गप्प बसवत नाही. माणूस गेल्यावर सोबत राहिलेल्याच्या हातात देऊ नये, हे कुठल्याच रीतीत बसत नाही. या दोन गोष्टींसाठी आमच्या आमदारांकडे मी येतो. निवेदन कोणी लिहून दिलं तर बरं, माझी भाषा सरकारी नाही.

---

काळा_कोट (मुंबई)

निवेदन मी लिहितो, एकच पान. दोन मागण्या: केसपेपर नोंदणीत तिसरा पर्याय आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, आणि जोडीदाराला मृतदेह देण्याबाबत राज्याचं परिपत्रक. रेशनकार्डाचं वेगळं ठेवू, ते खातं वेगळं आहे. आरोग्य खात्याकडे माहिती अधिकारात अर्ज टाकतो, केंद्राचं पत्र आल्यावर त्यावर काय टिपणी झाली ते मागतो. वैजयंतीताई, मसुदा आधी तुम्हाला पाठवतो, तुम्ही हो म्हटल्यावरच इथे टाकेन. ज्यांना आपल्या आमदाराकडे जायचं आहे त्यांनी खाली फक्त मतदारसंघाचं नाव लिहा, स्वतःचं नको.

---

अबोली (नाशिक)

नाशिक पश्चिम.

---

खानदेशी_वारा (जळगाव)

जळगाव ग्रामीण.

---

दत्ता_कोल्हापूर

करवीर.